प्लगवरून बोट काढू नये

विद्याधर शिराळकरांच्या मेंदूत दोन तारा होत्या आणि घरात त्यांच्यासकट तीन माणसं. त्यातल्या त्यात तारांचं एकमेकींशी बरं चाललं होतं.

तारा कंपवातासाठी होत्या. मेंदूतल्या काही पेशी एका सुरात ओरडू लागल्या की हात कापतो, पाय जमिनीला चिकटतो आणि माणूस दाराच्या उंबऱ्यात पुतळ्यासारखा उभा राहतो. डॉक्टरांनी शिराळकरांच्या कवटीला भोकं पाडून आत खोलवर तारा सोडल्या आणि छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढी बॅटरी पुरली. बॅटरीतून येणारे विजेचे ठोके त्या पेशींचा सूर बिघडवत. गोंगाट संपत नसे, पण घोषणा थांबत. शिराळकर पुन्हा स्वतःच्या हाताने चहा पिऊ लागले आणि चहात साखर कमी आहे हे पुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगू लागले.

पूर्वी अशा बॅटऱ्या डॉक्टर दुरूनच, बिनतारी लहरींनी हाताळत. मग परदेशातल्या एका शहरात कोणीतरी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सबंध वॉर्डाच्या बॅटऱ्या बंद केल्या. त्यानंतर शरीरातल्या यंत्रांना बिनतारी बोलायला जगभर बंदी आली. जे काय बोलायचं ते कातडीला चिकटून आणि तारेतून. त्यामुळे भंगारात गेलेला टेबलावरचा कॉम्प्युटर घरोघरी परत आला. महिन्यातून एकदा छातीवर एक चकती चिकटवायची, चकतीची केबल कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टात खुपसायची आणि प्लगवर दोन बोटं टेकवून बसायचं. कॉम्प्युटर हॉस्पिटलला विचारायचा, हॉस्पिटल हो म्हणायचं आणि बॅटरीला पुढच्या महिन्याचा परवाना मिळायचा. परवाना नाही मिळाला तर बॅटरी 'सुरक्षित अवस्थेत' जाई. म्हणजे बंद पडे. हा शब्द ज्याने निवडला त्याने लाकडासारखा कडक झालेला माणूस पलंगावरून कधी उचलला नसावा.

त्या रविवारी सकाळी, घरी परवाना घ्यायच्या पहिल्याच खेपेला, पडद्यावर अक्षरं आली : डिव्हाइस ओळखता आलं नाही.

"केबल हलली," अप्पा म्हणाले. शिराळकरांना घरात अप्पा म्हणत. "कोणी हलवली?"

"मी स्वयंपाकघरात आहे अप्पा," सून केतकी आतून म्हणाली. "माझा हात एवढा लांब असता तर तुमच्यापर्यंत कधीच पोचला असता."

प्लगवर बोटं मुलाची, स्वानंदची होती. त्याने केबल काढून पुन्हा घातली. टुंग. मग लगेच टिंग. कॉम्प्युटरला उपकरण दिसत होतं आणि नाहीसं होत होतं, जसा सावकाराला पाहून माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसतो आणि नाहीसा होतो.

"अर्थिंग," अप्पांनी निदान केलं.

अप्पा वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. या देशातल्या निम्म्या दुःखांचं मूळ अर्थिंगमध्ये आहे आणि उरलेल्या निम्म्यांचं सुनांमध्ये, असं त्यांचं मत होतं. पण या वेळी त्यांचं थोडं बरोबर निघालं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. कॉम्प्युटरच्या प्लगची तिसरी, जाडी पिन जुन्या बोर्डात जात नाही म्हणून स्वानंदने ती पक्कडीने मोडून टाकली होती.

"ती पिन शोभेची नव्हती," अप्पा म्हणाले. "यूएसबीच्या दोन तारांमध्ये व्होल्टभराचाही फरक नसतो, आणि त्यावर सगळं बोलणं चालतं. इथे पत्र्यावरच चोरटी वीज खेळतेय. कीर्तन चालू असताना शेजारी बँड वाजवल्यासारखं आहे हे."

नवा प्लग आला, नवा बोर्ड आला. टुंग, टिंग.

मग पुढचा पोर्ट तपासला. तपासायला केतकी आली, कारण ती ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि पोर्टाच्या तोंडाशी काहीतरी पिवळट-लाल होतं. तिने टॉर्च धरला, काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला आणि कापूस सासऱ्यांच्या नाकासमोर नेला.

"खंडेनवमी," ती म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा अप्पा स्वतः करत. स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, मिक्सर. यंदा मान कॉम्प्युटरचा होता, कारण आता त्याच्या हातात अप्पांचा जीव होता. ओल्या हळदकुंकवाचं बोट कॉम्प्युटरच्या कपाळाला लावायचं, तर कॉम्प्युटरचं कपाळ कोणतं? अप्पांनी अंदाजाने लावलं. अंदाजाप्रमाणे पुढचे दोन्ही पोर्ट नेमके कपाळावर होते.

"कुंकू म्हणजे हळद आणि क्षार. ते ओलं करून तांब्याच्या पट्ट्यांना लावलंत तर त्या गंजणारच."

"श्रद्धेला केमिस्ट्री लावू नकोस."

"मी कुठे लावली? तुम्हीच लावलीत. पोर्टाच्या आत."

केबल मागच्या पोर्टात गेली. मागचा पोर्ट थेट मदरबोर्डवर असतो, पुढच्यासारखा लांब वायरने जोडलेला नसतो, म्हणून तो जास्त भरवशाचा, असं अप्पांनी सांगितलं आणि पहिल्यापासून तसंच करायला हवं होतं हेही सांगितलं. लांब केबल काढून आखूड आणली. मधला हब फेकून दिला. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर पोर्टांना परस्पर झोपवतो, ती सोय बंद केली. प्रत्येक उपायानंतर स्वानंद आशेने बोटं टेकवी, हिरवा दिवा लागे, थोडा वेळ राही, पिवळा होई, विझे.

परवान्याची मुदत शनिवारी संपत होती.

*

बॅटरीच्या कंपनीने पाठवलेली इंजिनिअर रुबिना मुल्ला मिरजेहून आली. तिने चपला काढल्या, चहा नको म्हणाली, स्वतःची केबल लावून सगळं तपासलं आणि यंत्रात एकही दोष नाही असं जाहीर केलं.

"मग तुटतंय का?" स्वानंदने विचारलं.

"बोटं कोणाची असतात?"

"माझी."

"तुम्हाला घाम येतो?"

"अप्पांचा प्रश्न आहे. घाम येणारच ना!"

"तेच," ती म्हणाली आणि पडद्यावर एक आलेख उघडला. त्यात एक रेघ भूकंपमापकासारखी नाचत होती. "हा तुमचा हात."

मग तिने जे सांगितलं ते माहितीपुस्तिकेत होतं, पण माहितीपुस्तिका वाचण्याची शिराळकरांकडे पद्धत नव्हती. प्लगच्या धातूच्या कवचातून पोर्ट बोटांचं मोजमाप घेत असे. नाडी, घाम, स्नायूंची अगदी बारीक थरथर. याला कारण होतं. तारेची सक्ती झाल्यावर काही घरांत वेगळाच उद्योग सुरू झाला. म्हातारा फार बोलतो, उठून फिरतो, मृत्युपत्र बदलायचं म्हणतो. मग बॅटरीची सेटिंग परस्पर खाली आणायची. म्हातारा खुर्चीत शांत. तक्रारी वाढल्या तेव्हा सरकारने समिती नेमली. जो असं करतो तो मनातून घाबरलेला असणार, त्याचा हात स्थिर राहणार नाही, असं समितीने गृहीत धरलं. म्हणून केबल लावणाऱ्याचा हात डळमळला की पोर्ट संबंध तोडतो. समितीत सगळे तज्ज्ञ होते. सून एकही नव्हती.

"म्हणजे मी..." स्वानंदचा आवाज चिरकला.

"संशयित. तशी नोंद आहे."

"अहो, मी यांना आंघोळ घालतो! यांच्या काळजीने मला रात्र रात्र..."

"त्याचीच रेघ आहे ही. काळजी आणि गुन्हा, पोर्टाला दोन्ही सारखेच दिसतात. मी कंपनीला लिहिलंय तसं. ते म्हणतात, यंत्र प्रमाणित आहे."

"मग नर्स ठेवू."

"बाहेरचं माणूस चालत नाही. एकाच घरात राहणारं हवं. आणि एक सांगते, तुटण्याचं प्रमाण फार झालं तर बॅटरी स्वतःला कुलूप लावून घेते. मग पुण्याला जाऊन ऑपरेशन थिएटरमध्येच उघडावी लागते. तिथे सध्या दोन महिन्यांची रांग आहे."

दोन महिने. तारा बंद असताना अप्पांना कूस बदलता येत नव्हती, घास गिळता येत नव्हता. या वयात दोन महिने आडवा पडलेला माणूस पुन्हा उभा राहत नाही, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. तिघांची नजर कणकेच्या हातांनी दारात उभ्या असलेल्या केतकीकडे गेली.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "मला हा माणूस आवडत नाही. पोर्टालासुद्धा कळेल ते."

"पोर्टाला कशाला," अप्पा म्हणाले, "सबंध विश्रामबागेला माहीत आहे."

"केतकी, प्लीज," स्वानंद म्हणाला.

तिने हात धुतले, पुसले, स्टुलावर बसली आणि दोन बोटं प्लगवर टेकवली. समोर अप्पा. छातीवर चकती, चेहऱ्यावर नेहमीचं, वीजबिल वाचतानाचं हसू. केतकी त्यांच्याकडे बघत राहिली.

हिरवा. हिरवा. चहा उकळून, गाळून, निवून जाईल इतका वेळ हिरवा. परवाना मंजूर.

रुबिनाने आलेख पाहिला. नाचणाऱ्या रेघेच्या पुढे पट्टीने आखल्यासारखी एक सरळ रेघ होती.

"मॅडम, अशी रेघ मी फक्त झोपलेल्या माणसाची बघितलीय. कसला विचार करत होता?"

"कसलाच नाही," केतकी म्हणाली. "यांच्याकडे बघत होते."

जाताना रुबिनाने नोंद केली : सून, अत्यंत विश्वसनीय.

*

त्या सरळ रेघेचा उगम एका फोनमध्ये होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी केतकीला बंगळुरूच्या एका संस्थेत संशोधनाची जागा मिळणार होती. मुलाखत झाली होती, होकार फोनवर यायचा होता. फोन आला तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. अप्पांनी तिचा फोन उचलला आणि अस्खलित इंग्रजीत सांगितलं, की माझ्या सुनेचा विचार बदलला आहे, ती आता घर सांभाळते, तसदीबद्दल क्षमस्व. क्षमस्व त्यांनी संस्थेला म्हटलं. केतकीला नाही. तिला त्यांनी संध्याकाळी, जेवताना, ताक वाढून घेत सांगितलं.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली होती. घरात त्या फोनचा उल्लेख होत नसे. नवा राग उकळतो, उतू जातो, शेगडी घाण करतो. जुना राग निवतो आणि त्याच्यावर जाड साय धरते. केतकीचा हात त्या सायीमुळे हलत नव्हता.

आता महिन्याच्या महिन्याला दोघं समोरासमोर बसू लागली. स्वानंदला ते बघवेना. वडिलांवर प्रेम करणारा मुलगा सरकारी नोंदीत संशयित आणि त्यांच्याशी धड न बोलणारी बायको अत्यंत विश्वसनीय! त्याने प्राणायामाचा वर्ग लावला. हात स्थिर होतोय का हे बघायला तो जेवताना चमच्यावर लिंबू ठेवून बसे. लिंबू पडे.

"तू नक्की काय करतेस?" त्याने एकदा बायकोला विचारलं.

"तुझ्या वडिलांचा तिरस्कार करते. मन लावून."

"मी शिकू का?"

"तुला नाही जमायचं. त्याला सातत्य लागतं."

पहिल्या दोन-तीन बैठका शांततेत, म्हणजे परस्परांना टोचून बोलण्यात गेल्या. पुढे वेळ फुकट जातो म्हणून केतकी पेपर तपासायला घेऊन बसू लागली. पण एक हात प्लगवर, एका हाताने पानं उलटून खुणा करणं जमेना. अप्पा म्हणाले, "आण इकडे. मी वाचतो, तू मार्क सांग." तारांच्या कृपेने त्यांच्या हातातला कागद आता हलत नव्हता. ते खड्या आवाजात उत्तरं वाचत.

"प्रश्न : गंजणे म्हणजे काय? उत्तर : लोखंडाला म्हातारपण येऊन ते चिडचिड करू लागते व स्पर्श केल्यास अंगाचे तुकडे पाडते."

केतकी हसली. आवरता आवरेना इतकी हसली. अप्पाही हसले, आणि हसताना त्यांच्या छातीवरची चकती गदगदा हलली.

दिवा पिवळा झाला आणि विझला.

दुसऱ्या प्रयत्नात जमलं. पण पुढच्या महिन्यात तीनदा तुटलं, त्याच्या पुढच्या महिन्यात पाचदा. स्वानंदने पुन्हा नवी केबल आणली, पोर्ट बदलला, अर्थिंग तपासायला माणूस बोलावला. अप्पा खुर्चीतून बघत होते. इंजिनिअर तो इंजिनिअरच.

"तार ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "अर्थिंग ठीक आहे. बिघाड हिच्यात आहे."

"माझ्यात?"

"हल्ली आमटीत माझ्यासाठी गूळ जास्त घालतेस तू."

"गूळ संपत नव्हता!" केतकी ताडकन म्हणाली. "वाया जाईल म्हणून घातला."

"आणि परवा मला ठसका लागला तर पळत आलीस. आधी सावकाश यायचीस."

"बरं, नाही येणार."

"तेच म्हणतोय मी," अप्पा म्हणाले. "नको येऊस."

*

चैत्रातल्या त्या शनिवारी मुदत संपायला दुपार उरली होती आणि सकाळपासून नुसतं टुंग-टिंग चाललं होतं. पडद्यावर तांबडी सूचना आली होती : आणखी दोनदा संबंध तुटल्यास उपकरण कुलूपबंद होईल. स्वानंद खिडकीपाशी उभा राहून पुण्याच्या हॉस्पिटलला फोन लावत होता आणि पुण्याचं हॉस्पिटल त्याला सनई ऐकवत होतं.

केतकीने प्रयत्न केला. खरंच केला. तिने डोळ्यांसमोर ती संध्याकाळ आणली, ताकाची वाटी आणली, ते इंग्रजी वाक्य आणलं. सगळं आलं, पण चित्रातल्यासारखं. आणि समोर एक बारीक झालेला माणूस बसला होता, ज्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तिनेच सकाळी लावलं होतं. हे बटण उद्यापासून तो स्वतः सोडवू शकणार नाही, असं तिच्या मनात आलं आणि दिवा फडफडला.

"केतकी," अप्पा म्हणाले, "राहू दे आता. कुलूप लागायचं तर लागेल. मग माझी जीभही नीट चालायची नाही, म्हणून आत्ताच एक सांगतो. तो फोन. बंगळुरूचा. मी तेव्हा..."

तिचा श्वास अडकला. दिवा पिवळाही झाला नाही, थेट विझला. पडद्यावर एकच प्रयत्न उरला.

खोलीत स्वानंदच्या फोनमधली सनई तेवढी वाजत होती.

"लाव पुन्हा," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

तिने प्लग काढून घातला, बोटं टेकवली. पिवळा. थरथरता पिवळा.

"तो फोन मी उचलला ते बरंच केलं," अप्पा म्हणाले. "नाहीतर तिथल्यांनी दोन महिन्यांत हाकललं असतं तुला. मी तुझी अब्रू वाचवली. अकरावीच्या पोरांना गंज शिकवायचीच तुझी लायकी आहे, आणि ती पोरं काय उत्तरं लिहितात ते ऐकलंच आपण. संशोधन करणार म्हणे! भाताला शिट्ट्या किती झाल्या ते लक्षात राहत नाही."

"अप्पा!" स्वानंद ओरडला.

दिवा हिरवा झाला.

अप्पा थांबले नाहीत. तिच्या प्रबंधाचा विषय काढला, त्याला रद्दी म्हणाले. तिच्या आईने रुखवतात ठेवलेल्या पुस्तकांवर बोलले. त्या दिवशी संध्याकाळी ती रडली होती ते आपण भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि ऐकत झोपलो होतो, तेही सांगितलं. एकेक वाक्य त्यांनी शांतपणे, वायरी जोडतात तसं, जागेवर बसवलं. ते मनापासून बोलत होते की नाही, हे पोर्टाला समजण्याची सोय नव्हती. पोर्ट फक्त केतकीचा हात वाचत होता. केतकीला समजण्याची सोय होती. तिने प्रत्येक शब्द खरा मानायचं ठरवलं. डोळे त्यांच्या डोळ्यांवरून हलवले नाहीत, आणि ते डोळे पाणावतायत हे दिसलं तेव्हा तिने फक्त तोंडाकडे बघितलं.

परवाना मंजूर.

तिने केबल ओढून काढली. स्वानंद भिंतीला टेकून खाली बसला. बनियन घामाने भिजलं होतं. तो बापाकडे बघत होता, परक्या माणसाकडे बघावं तसा.

अप्पांनी चकती काढली. आता महिनाभर उसंत होती.

"केतकी, मघाशी मी जे अर्धं..."

"नको."

"पूर्ण तरी ऐक."

"ऐकलं तर पुढच्या महिन्यात बोटं कोण टेकवणार? हा?"

दोघांनी स्वानंदकडे पाहिलं. तो अजून धापा टाकत होता.

"पंधरा वर्षं मी त्या एका वाक्यासाठी थांबलेय," केतकी केबल गुंडाळत म्हणाली. "अजून थांबेन. ते मला तुमच्या मरणाच्या आदल्या दिवशी सांगा."

"तो दिवस मला कसा कळणार?"

"मी सांगेन," ती म्हणाली आणि आमटी गरम करायला आत गेली.